पार्किंग लॉटमधला बर्फ: स्वतः काढायचा की माणूस लावायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या बर्फाळ पट्ट्यात दुकान, क्लिनिक, मोटेल, गॅस स्टेशन (पेट्रोल पंप) किंवा छोटा प्लाझा चालवणारी मराठी मंडळी ऑक्टोबर उजाडला की जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. घराच्या ड्राइव्हवेचा विचार इथे नाही. ड्राइव्हवेवर चूक झाली तर ऑफिसला उशीर होतो. धंद्याच्या लॉटवर चूक झाली तर वकिलाचं पत्र येतं.

१. माझा लॉट छोटाच आहे हो. पण "छोटा" म्हणजे नक्की किती?

गाड्या मोजा. एका गाडीची जागा साधारण ९ बाय १८ फूट, पण मधले येण्याजाण्याचे रस्ते धरले की गाडीमागे ३०० ते ३५० चौरस फूट पडतात. म्हणजे ३० गाड्यांचा लॉट झाला १०,००० चौरस फुटांच्या आसपास, पाव एकराला थोडा कमी. पूर्ण एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, सव्वाशे ते दीडशे गाड्या.

आमचा ढोबळ आडाखा असा: आठ-दहा गाड्यांपर्यंत चांगला स्नो ब्लोअर (बर्फ ओढून लांब फेकणारं मशीन) आणि एक धडधाकट माणूस पुरतो. चाळीसच्या वर गेलात की माणूस लावा. मधल्या लॉटचा निर्णय आकारावर नसतो, पहाटे चारला तिथे कोण उभं राहणार यावर असतो. शिवाय आकडा सगळं सांगत नाही. मधोमध दिव्याचे खांब, कर्बची बेटं आणि बर्फ टाकायला जागा नाही असा २० गाड्यांचा लॉट मोकळ्या ५० गाड्यांच्या लॉटपेक्षा जास्त छळतो.

२. बर्फ तर कापसासारखा असतो. दोघंतिघं फावडी घेऊन उतरलो तर होणार नाही का?

१०,००० चौरस फुटांवर ६ इंच बर्फ म्हणजे ५,००० घनफूट. कोरडा, भुसभुशीत बर्फ घनफुटाला ५ पौंड धरला तरी २५,००० पौंड होतात. मार्चमधला ओला, जड बर्फ १५ पौंड धरला तर ७५,००० पौंड, म्हणजे ३७ टनांवर. फावडं दारापुढच्या पायवाटेसाठी ठेवा.

आणि हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही: थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात श्वास रोखून जड फावडं उचललं की हृदयावर एकदम ताण येतो. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराचं प्रमाण मुळातच जास्त आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, वर्षभर काउंटरमागे बसणाऱ्या मालकाने हे काम "तेवढाच व्यायाम" म्हणून अंगावर घेऊ नये.

३. स्वतः केलं तर पैसे वाचतात ना?

ट्रक आधीपासून दारात असेल तर थोडे वाचतात. नसेल तर बहुधा नाही. नमुन्याचा हिशोब मांडू. आकडे मानलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

३० गाड्यांचा लॉट. कॉन्ट्रॅक्टर एका फेरीचे, म्हणजे एका "पुश"चे, १५० डॉलर मागतो. हिवाळ्यात २० पुश धरले तर ३,००० डॉलर.

स्वतः करायचं तर नवा प्लाउ (ट्रकच्या पुढे लावायचं बर्फ ढकलणारं पातं) बसवून साधारण सहा ते दहा हजार डॉलरला पडतो. ८,००० धरून आठ वर्षांत वाटले तर वर्षाला १,०००. ट्रकची जादा झीज आणि दुरुस्ती ८००. विम्याचा वाढीव हप्ता ७००. डिझेल किंवा गॅस २००. झाले २,७००. वाचले ३०० डॉलर, आणि त्यासाठी २० वेळा दीड-दीड तास, तेही रात्री. तासाला १० डॉलर सुटले. मीठ दोन्हीकडे सारखंच लागतं, म्हणून धरलेलं नाही.

गावागावाचा फरक मात्र मोठा आहे. शिकागोत सरासरी हिवाळ्यात ३८ इंचांच्या आसपास बर्फ पडतो, बॉस्टनमध्ये ४९ आणि बफेलोत ९५. न्यू जर्सीच्या भावाने केलेला हिशोब बफेलोच्या बहिणीला चालणार नाही.

४. माझ्याकडे एफ-१५० आहे. तिला प्लाउ लावता येईल?

पुढच्या ॲक्सलची वजनाची मर्यादा बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं. साडेसात-आठ फुटी स्टीलचा प्लाउ माउंटसकट ७०० ते ९०० पौंड भरतो, आणि तो चाकांच्या पुढे लटकतो म्हणून ॲक्सलवर त्याहून जास्त भार येतो. एफ-१५०सारख्या हाफ-टन ट्रकसाठी हलके प्लाउ मिळतात, पण धंद्याचा लॉट नेहमी काढायचा तर थ्री-क्वार्टर टनचा म्हणजे त्याहून मजबूत ट्रक, फोर व्हील ड्राइव्ह आणि कारखान्यातून आलेलं प्लाउ पॅकेज (जाड स्प्रिंग, मोठा अल्टरनेटर) हवं. मागच्या ॲक्सलच्या मागे निर्मात्याने सांगितलेलं वजन टाका, वाळूच्या गोण्या चालतात. त्या नसतील तर मागची चाकं नुसती फिरतात.

आठ फुटी पातं ३० अंश वळवलं की प्रत्यक्षात सातच फूट साफ करतं. दुकानदार हे सांगायला विसरतात.

५. काढायची पद्धत काय? सरळ ढकलत न्यायचं ना?

कधीही इमारतीकडे ढकलायचं नाही. आधी दुकानाच्या भिंतीजवळ जा, पातं भिंतीपासून हातभर अंतरावर टेकवा आणि रिव्हर्स घेत बर्फ मागे ओढा, एक-दीड गाडी लांबीचा. याला बॅक-ड्रॅग म्हणतात. भिंतीलगतचा पट्टा मोकळा झाला की ट्रक वळवून बर्फ बाहेरच्या कडेला ढकलत न्यायचा. प्रत्येक पट्टा आधीच्यावर फूटभर चढवायचा, म्हणजे मधे वरंबा राहत नाही.

पहिल्या वादळाचा ढीग शक्य तितका लांब न्या, कर्बच्या पलीकडे. फेब्रुवारीपर्यंत तोच पुढे सरकत येतो आणि दर ढिगाबरोबर एकेक पार्किंगची जागा गिळतो. ढिगाजवळ पोहोचताना पातं हळूहळू उचलत चढवायचं, धडक मारायची नाही. ट्रक पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका. प्लाउच्या ट्रकचे गिअरबॉक्स याच घाईत जातात. आणि आठ इंच साचायची वाट न पाहता दर दोन-तीन इंचांना एक फेरी मारा.

बर्फ पडण्याआधी, नोव्हेंबरातच, प्रत्येक कर्बला, मॅनहोलला, स्पीड बंपला उंच रंगीत काठ्या ठोका. पांढऱ्या चादरीखाली सगळं सपाटच दिसतं.

६. प्लाउ ऐन वेळी बंद पडतो म्हणतात. का?

बहुतेकदा तीन कारणांनी. एक, हायड्रॉलिक तेलात पाणी शिरतं, ते गोठतं आणि पातं उचललं जात नाही. म्हणून तेल दर सीझनला बदलायचं. दोन, विजेचे कनेक्टर मिठाने गंजतात. जोडण्याआधी त्यांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. तीन, जुना होज (तेलाची नळी) कडाक्याच्या थंडीत फुटतो. ट्रकमध्ये एक होज, एक लिटर तेल, पिना आणि पान्यांचा संच ठेवा. खालची कटिंग एज (पात्याच्या काठाची बदलता येणारी पट्टी) झिजून मूळ पात्याला लागण्याआधी बदला, नाहीतर शे-दोनशे वाचवायच्या नादात अख्खं पातं जातं.

रस्त्यावरून जाताना पातं फार उंच धरू नका: रेडिएटरची हवा अडते आणि इंजिन तापतं.

७. स्नो ब्लोअर घेतला तर?

दहा गाड्यांच्या आतल्या लॉटला उत्तम पर्याय. टू-स्टेज (पुढचा स्क्रू बर्फ ओढतो, मागचा पंखा फेकतो), २४ ते २८ इंच रुंदीचा घ्या. सिंगल-स्टेज हा रस्त्याच्या प्लाउने तोंडाशी टाकलेल्या कडक वरंब्यापुढे हात टेकतो. वारा पाठीमागून येईल अशी दिशा धरा, आणि फेक उभ्या गाड्यांवर किंवा काचेवर जाणार नाही हे बघा.

नळकांडं तुंबलं की इंजिन बंद करायचं, थांबायचं, आणि मशीनबरोबर आलेल्या काठीनेच ते मोकळं करायचं. हात कधीच घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी आतल्या पंख्यावर ताण राहिलेला असतो. अडथळा सुटला की तो गर्रकन फिरतो. दर हिवाळ्यात लोकांची बोटं अशीच जातात.

८. माझा नेहमीचा कार इन्शुरन्स आहे. तो पुरेल ना?

बहुधा नाही. वैयक्तिक पॉलिसीत धंद्यासाठी बर्फ काढण्याचं काम सहसा वगळलेलं असतं. स्वतःच्याच दुकानाचा लॉट असला तरी एजंटला ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं "हो हो, कव्हर आहे" क्लेमच्या वेळी सापडत नाही.

कॉन्ट्रॅक्टर लावणार असाल तर त्याचं विम्याचं सर्टिफिकेट त्याच्या हातून न घेता थेट त्याच्या एजंटकडून मागवा. त्यात तीन गोष्टी शोधा: लायबिलिटी पॉलिसीतून बर्फकाम वगळलेलं नाही ना, तुमचं नाव "ॲडिशनल इन्शुअर्ड" (त्याच्या पॉलिसीत तुम्हालाही संरक्षण) म्हणून आहे का, आणि त्याच्या माणसांचा वर्कर्स कॉम्प (कामावर इजा झाल्यास कामगारांना भरपाई देणारा विमा) आहे का. गवत कापणाऱ्या कंपन्या हिवाळ्यात बर्फ काढतात, पण पॉलिसी गवताचीच राहते, हा घोळ नेहमीचा आहे.

९. मंडळातल्या एका मित्राकडे प्लाउ आहे. तो रोख घेऊन करून देतो म्हणतो. करू का?

प्रश्न ८ त्यालाही लागू आहे. शिवाय वादळाच्या रात्री त्याची स्वतःची नोकरी, स्वतःचं घर आधी. तो आला नाही तर तुम्ही त्याला झापू शकणार नाही, आणि त्याने तुमचा कर्ब फोडला तर गणपतीत समोरासमोर कसं बसायचं हा प्रश्न वेगळाच. विमा दाखवला, कागद केला, तर जरूर द्या.

१०. पर पुश, पर इव्हेंट, पर इंच, सीझनल. यातलं काय घेऊ?

पर पुश: दर फेरीला पैसे. ट्रिगर, म्हणजे किती बर्फ साचला की तो येणार तो आकडा, २ इंचांचा असेल तर ७ इंचांच्या वादळाला तीन फेऱ्या, तीन बिलं.

पर इव्हेंट: अख्ख्या वादळाचा एक आकडा. इथे "इव्हेंट कधी संपला" हे लिहून घ्या, नाहीतर दुपारी थांबून संध्याकाळी परत सुरू झालेलं वादळ दोनदा मोजलं जातं.

पर इंच: २ ते ४, ४ ते ६ असे टप्पे असतात. इंच कोणी मोजायचे ते ठरवा. जवळच्या विमानतळाची अधिकृत नोंद धरावी, ड्रायव्हरचा अंदाज धरू नये.

सीझनल: ठरावीक रक्कम, बर्फ पडो न पडो. भरपूर बर्फाच्या गावात, आणि ज्याला महिन्याचा खर्च आधी कळायला हवा त्याला, हेच बरं. कॉन्ट्रॅक्टमध्ये इंचांची कमाल मर्यादा असेल तर त्यापुढचा दर आजच ठरवा. कमी बर्फाच्या भागात आमचा कल पर पुशकडे आहे.

मीठ, पायवाट आणि ढीग ट्रकमधून उचलून नेणं या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा वेगळ्या लावतात. "सगळं धरून" हे शब्द तोंडी ऐकून खूश होऊ नका.

११. बर्फ पडलाच नाही, नुसता बर्फाळ पाऊस झाला आणि लॉट काचेसारखा झाला. प्लाउवाला आला नाही. त्याची चूक?

कॉन्ट्रॅक्टमध्ये फक्त "२ इंच झाल्यावर" असं असेल तर नाही. फ्रीझिंग रेनमध्ये इंच शून्य असतात आणि माणसं सर्वात जास्त तेव्हाच पडतात. म्हणून मिठाचा ट्रिगर वेगळा लिहावा लागतो: "कोणताही बर्फाचा थर दिसल्यास". तसंच वाऱ्याचं. पडला एक इंच, पण वाऱ्याने तुमच्या दाराशी फूटभर साचवला, तर तोही ट्रिगर धरायचा. कॅनडात ट्रिगर सेंटिमीटरमध्ये असतो, बहुधा ५; दोन इंचांच्या जवळपास तेच.

१२. मीठ किती टाकायचं? भरपूर टाकलं की लवकर वितळतं ना?

नाही. कॉफीचा १२ औंसांचा एक मग मीठ पायवाटेच्या साधारण दहा फरशांना पुरतं. दाणे एकमेकांपासून दोन-तीन इंचांवर दिसले पाहिजेत. पांढरा सडा दिसला तर जास्त झालं.

आधी खरवडा, मग मीठ टाका. जाड बर्फावर टाकलेलं मीठ वरच्या वर पाणी करतं, ते खाली उतरून रात्री गोठतं. साधं मीठ जमिनीचं तापमान १५ अंश फॅरनहाइटच्या (उणे ९ सेल्सिअस) खाली गेलं की फारसं चालत नाही. तेव्हा मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड लागतं. फोनवर दिसतं ते हवेचं तापमान. जमिनीचं बघायला वीस-तीस डॉलरची इन्फ्रारेड गन घ्या. वाळू पकड देते, पण काहीही वितळवत नाही आणि वसंतात गटारं तुंबवते. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकू नका, वरचा थर सुटतो.

एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं खराब करतं, असं मिनेसोटाचं प्रदूषण नियंत्रण खातं सांगतं. तुमच्या लॉटचं पाणी कुठेतरी तळ्यालाच मिळतं.

१३. ढीग कुठे लावायचा? कोपऱ्यातली अपंगांची जागा रिकामीच असते.

तिथे अजिबात नाही. अपंगांसाठीची जागा आणि तिच्याशेजारचा रेघांचा पट्टा मोकळा ठेवणं अमेरिकेत एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने बंधनकारक आहे. फायर हायड्रंट, फायर लेन, गटाराचं तोंड आणि रस्त्यावर येताना डावी-उजवी दिसते तो कोपरा, यांवरही ढीग नको. समोरच्या सार्वजनिक रस्त्यावर बर्फ ढकलणं मिशिगन आणि ओंटारिओसह अनेक ठिकाणी बेकायदा आहे.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे उतार. ढीग लॉटच्या उंच बाजूला लावला तर दुपारी उन्हाने वितळलेलं पाणी लॉटभर पसरतं आणि सात वाजता त्याची काच होते. ढीग उताराच्या खालच्या बाजूला, गटाराच्या जवळ पण त्यावर नाही, असा हवा. ही जागा सप्टेंबरमध्ये पावसात लॉटवर उभं राहून ठरवा. पाणी कुठे जातं ते दिसतं.

१४. कॉन्ट्रॅक्टर लावला की कोणी घसरून पडल्याची जबाबदारी त्याची ना?

पूर्ण नाही. लोकांसाठी जागा सुरक्षित ठेवण्याचं मालकाचं कर्तव्य कॉन्ट्रॅक्टरला दिल्याने सहसा संपत नाही. कॉन्ट्रॅक्टर फार तर शेजारी उभा राहतो. राज्यागणिक नियम बदलतात. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये "नैसर्गिकरीत्या साचलेला बर्फ" हा मालकांचा जुना बचाव रद्द केला. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उलट बाजूने, वादळ चालू असताना मालकाने बर्फ काढलाच पाहिजे असं सहसा नाही, असं ठरवलं. ओंटारिओत जानेवारी २०२१ पासून बर्फावर पडलेल्याने ६० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, काही अपवाद सोडून. ती आली तर त्याच दिवशी विमा कंपनीला आणि कॉन्ट्रॅक्टरला पाठवा. इलिनॉयने २०१६ मध्ये आणि कोलोरॅडोने २०१८ मध्ये, मालकाची चूक कॉन्ट्रॅक्टरच्या गळ्यात घालणाऱ्या कलमांवर निर्बंध आणले. तेव्हा "सगळी जबाबदारी तुझी" असं लिहून घेतलं म्हणजे झालं, असं नाही.

उपयोगी पडते ती वही. तारीख, वेळ, तापमान, काय केलं, किती मीठ, कोणी, आणि मोबाइलवर दोन फोटो. कॉन्ट्रॅक्टरकडूनही हीच नोंद बिलासोबत मागा. प्रत्यक्ष दावा आला तर मात्र वकीलच गाठा.

१५. डिसेंबरात तीन आठवडे भारतात जातो. तेवढ्यापुरतं कोणी मिळेल का?

मिळणार नाही, आणि याच प्रश्नावर बऱ्याच जणांचा "स्वतः करू" हा बेत कोसळतो. चांगल्या कॉन्ट्रॅक्टरचे मार्ग ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात. तीन आठवड्यांच्या गिऱ्हाइकासाठी तो ट्रक वळवत नाही. दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत जायचं असेल तर पूर्ण सीझनचं कॉन्ट्रॅक्ट करा, किंवा मॅनेजरला प्लाउ चालवायला शिकवा आणि त्याचं नाव पॉलिसीत घाला. त्याच्या पहाटेच्या तासांचा पगार आणि ओव्हरटाइमही धरा.

१६. जागा भाड्याची आहे. बर्फ कोणी काढायचा?

लीज उघडा. ट्रिपल नेट लीज असेल तर प्लाझाचा मालक काढतो आणि खर्च सामायिक देखभालीच्या बिलातून तुमच्याकडून घेतो. मग स्वतः प्लाउ घेणं म्हणजे दोनदा पैसे देणं. पण दारापुढची पायवाट बहुतेक वेळा भाडेकरूच्या माथी असते.

१७. गॅस स्टेशनला काही वेगळं आहे का?

हो. जमिनीखालच्या टाक्यांची झाकणं लॉटच्या पातळीच्या किंचित वर असतात. पातं त्यावर आपटलं तर झाकण आणि पातं दोन्ही जातात, आणि वितळलेलं पाणी टाकीत उतरण्याची भीती. तिथे काठ्या ठोकता येत नाहीत, म्हणून रंगीत कोन ठेवा आणि तो भाग ब्लोअर किंवा फावड्यानेच काढा. टँकरचा वळायचा मार्ग ढिगाने अडवू नका. पंपांच्या मधल्या जागेत ट्रक न्यायचा नाही.

१८. अर्धं त्याला, अर्धं आपण, असं चालतं का?

बहुतेक छोट्या मालकांना आम्ही हेच सुचवू. जड काम, म्हणजे लॉट ढकलणं, कॉन्ट्रॅक्टरला द्या. दारापुढची पायवाट, रॅम्प आणि मीठ स्वतःकडे ठेवा. लॉट साफ होऊन गेल्यावर दुपारी छपरावरून ठिबकून गोठणाऱ्या उत्तरेकडच्या पट्ट्यासाठी कॉन्ट्रॅक्टर परत येणार नाही. तुम्ही किंवा तुमचा कॅशियर मीठाची बादली घेऊन दोन मिनिटांत तिथे पोहोचता. कोणता भाग कोणाचा हे मात्र लॉटच्या नकाशावर रंगवून दोघांनी सही करा.

१९. पहाटे सहा वाजले, प्लाउवाला आला नाही, फोन उचलत नाही. आता?

कॉन्ट्रॅक्टमध्ये "उघडण्याच्या एक तास आधी" अशी वेळ आणि "न आल्यास दुसऱ्याकडून करून घेऊन रक्कम वजा" हे कलम आधीच असायला हवं. पहिल्या भेटीतच विचारा: ट्रक किती, लॉट किती, माझा नंबर कितवा, एक ट्रक बिघडला तर काय. एका ट्रकवर चाळीस लॉट घेणारा स्वस्तच असतो.

२०. फूट-दोन फूट पडला तर कोणीच पोहोचत नाही. तेव्हा काय?

नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग भागात, ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला. तिथे पिकअपवरचा प्लाउ खेळणं ठरतो. लोडर लागतो आणि बर्फ ट्रकमधून उचलून न्यावा लागतो. लोडरचा तासाचा दर आणि उचलण्याचा दर कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या पानावर आधीच लिहून घ्या, वादळात तो विचारू नका. त्याच वर्षी डिसेंबरात बफेलोत गाड्या चालवण्यावरच बंदी आली होती, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर आला नाही याबद्दल भांडणंही शक्य नव्हतं. अशा दिवशी लॉट बंद ठेवा: तोंडाशी दोन कोन आणि दोर, दारावर आणि गूगलवर "आज बंद", आणि वहीत (प्रश्न १४) किती वाजता बंद केलं त्याची नोंद.